अधांतरी भार

वसईच्या एव्हरशाईन सिटीतून गोखिवऱ्याच्या अंगाने वालीव-सातिवलीकडे निघालेल्या माणसाला सकाळच्या प्रहरी एक दृश्य इतके हमखास भेटते की ते पाहून कोणी थबकतही नाही. उचललेला भार घेऊनच चालणारी चाकांवरची छोटी क्रेन, जिला सगळे कामगार हायड्रा म्हणतात, ती रिक्षा, टेम्पो आणि शाळेच्या बसगाड्यांच्या गर्दीतून हळूहळू पुढे सरकत असते. तिच्या पुढे काढलेल्या बाहूला एखादे लेथयंत्र किंवा लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा पट्ट्यांनी टांगलेला असतो. आणि त्या भाराला एका हाताने धरून, क्रेनच्या ऐन पुढ्यात, उलट्या पावलांनी चालणारा एक मदतनीस असतो. हा मदतनीस ठेचाळला तर काय होईल हे सांगायला यंत्रशास्त्र जाणण्याची गरज नाही. चालकाच्या डोळ्यांपुढे बाहू आणि भार आडवे असल्यामुळे चाकापुढे कोण पडले हे त्याला कळेपर्यंत चाक पुढे गेलेले असते. पण त्या मदतनिसाला तिथून हटवले तर भार झोके घेऊ लागेल आणि शेजारच्या रिक्षेला लागेल, म्हणून तो तिथे असतो. एका धोक्याच्या निवारणार्थ दुसऱ्या धोक्याची तजवीज केलेली असते, आणि तीही इतक्या सहजभावाने की तिला धोका म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

वसईच्या पूर्वभागाची घडणच अशी आहे की कारखाना आणि घर यांची येथे पदोपदी गाठ पडते. गेल्या काही दशकांत एव्हरशाईन सिटी, वसंत नगरी यांसारख्या निवासी वसाहती येथे उभ्या राहिल्या, आणि गोखिवरे, वालीव, सातिवली, गौराईपाडा या बाजूला गाळ्यांची एक दुसरीच वस्ती पसरत गेली. गाळा म्हणजे मोठ्या कारखान्याची लहान आवृत्ती नव्हे. मोठ्या कारखान्यात छताखाली रुळांवर धावणारी क्रेन असते, सुरक्षा अधिकारी असतो, दफ्तर असते. गाळ्यात मालक असतो, फोरमन असतो, पाच-पंधरा कामगार असतात, आणि लोखंडी तुळईला अडकवलेली एक चेन पुली असते. वजनदार वस्तू मात्र दोन्हीकडे सारख्याच वजनाच्या असतात. प्लास्टिकच्या मोल्डिंग मशीनची डाय, फॅब्रिकेशनसाठी आलेली जाड प्लेट, दुरुस्तीला निघालेली मोटर, नव्याने घेतलेले जुने प्रेसयंत्र, ही सारी केव्हा ना केव्हा जमीन सोडून अधांतरी होतात, आणि जमीन सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतच्या त्या थोड्या मिनिटांत आसपासच्या माणसांचे भवितव्य दोन-चार कड्या, एक हूक आणि कोणाची तरी नजर यांच्यावर अवलंबून राहते.

वस्तू टांगून ठेवणे आणि टांगलेली वस्तू हलवणे या दोन क्रिया दिसायला जवळच्या असल्या तरी जातीने भिन्न आहेत. याला वसईच्याच इतिहासातला एक दाखला आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला, तेव्हा तेथील चर्चांतल्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या आणि देवळांना अर्पण केल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, वाईजवळची मेणवली, भीमाशंकर या ठिकाणी त्या आजही टांगलेल्या आहेत. भाविक त्यांच्याखाली निःशंक उभे राहतात, आणि ते रास्तच आहे, कारण त्या भाराचे वजन बदलत नाही, त्याची जागा बदलत नाही, आणि त्याचा आधार एकदाच पण निवांतपणे विचार करून रचलेला आहे. गाळ्यातल्या भाराचे यातले काहीच ठरलेले नसते. आजची डाय कालच्याहून जड असते, आजचा पट्टा कालच्याहून जुना असतो, बांधणारा माणूस रजेवर असल्यामुळे दुसराच कोणी तरी बांधत असतो, आणि बाहेर टेम्पोवाला खोळंब्याचे पैसे मागत असतो. उत्सव नसताना, मुहूर्त नसताना, रोज चार वेळा नव्याने रचावा लागणारा आधार हा या कामाचा खरा स्वभाव आहे. आणि रोजचे म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते.

या दुर्लक्षाचा आरंभ वजनापासून होतो. कारखान्यांतील कितीतरी अपघातांच्या मुळाशी 'अंदाज' नावाची एक जुनी, प्रतिष्ठित आणि अत्यंत अविश्वसनीय संस्था आहे. पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड असते. एका घनमीटरला ७,८५० किलो. मनुष्याची नजर मात्र वस्तूचा आकार पाहते, घनता पाहत नाही. ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि ३५ उंच अशी पोलादी डाय टेबलावर ठेवली तर लहानशा पेटीएवढी दिसते, आणि पाहणारा दीडशे-दोनशे किलो असेल म्हणून मोकळा होतो. ती भरीव असेल तर प्रत्यक्षात ३८५ किलोंच्या घरात जाते. अडीच मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि २० मिलिमीटर जाडीची एकच प्लेट ४९० किलो भरते, आणि अशा पाच प्लेटांचा गठ्ठा अडीच टनांना टेकतो. हे गणित शाळेतल्या मुलाला येते. लांबी, रुंदी, जाडी मीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ७,८५० ने पुन्हा गुणायची. तरीही ते क्वचितच केले जाते, कारण हिशेब करणारा माणूस कामगारांत भित्रा ठरतो आणि अंदाज सांगणारा अनुभवी.

वजन नेमके कळले तरी प्रश्न अर्धाच सुटतो, कारण दोरावर येणारा ताण हा केवळ वजनाचा नसतो, तो कोनाचाही असतो. ही गोष्ट इतकी महत्त्वाची आणि इतकी अंगवळणी न पडणारी आहे की तिच्यापाशी जरा थांबले पाहिजे. एक टन वजनाची वस्तू दोन दोरांनी हुकाला अडकवली आणि ते दोर सरळ उभे राहिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५०० किलो येतात. इथपर्यंत सर्वांची समजूत बरोबर असते. आता दोर आखूड असल्यामुळे ते फाकले, आणि आडव्या रेषेशी त्यांचा कोन ६० अंशांचा झाला, तर प्रत्येक दोरावर ५७७ किलो येतात. ४५ अंशांवर ७०७ येतात. ३० अंशांवर प्रत्येक दोर पुरता एक टन पेलत असतो, म्हणजे दोन दोर लावूनही एकाचेच काम झाले. आणि दोर आणखी फाकून १५ अंशांवर आले, जसे ते लांब पाइपांचा गठ्ठा आखूड पट्ट्यांनी उचलताना येतात, तर एका टनाच्या वस्तूने प्रत्येक दोरावर १,९०० किलोंहून अधिक ताण टाकलेला असतो. वस्तूचे वजन एका ग्रॅमनेही वाढलेले नसते. फरक पडतो तो एवढ्यामुळेच की कोपऱ्यातला लांब पट्टा आणायला कोणी गेले नाही आणि हाताशी आखूड पट्टा होता. जाणते खलाशी, आणि जड माल उचलणाऱ्या कसबी माणसांना आपल्याकडे जमिनीवरही खलाशीच म्हणतात, ४५ अंशांच्या खाली दोर जाऊ देत नाहीत. त्यांना त्रिकोणमिती ठाऊक नसेल, पण फाकलेला दोर 'बोलू लागतो' हे त्यांना ठाऊक असते.

आता एका गाळ्यात जाऊन डाय बदलण्याचे काम जवळून पाहू. मोल्डिंग मशीनमध्ये दोन जाड पोलादी पाट समोरासमोर असतात आणि त्यांच्यामधून चार दांडे आरपार गेलेले असतात. डाय वरच्या दोन दांड्यांच्या मधल्या फटीतून खाली उतरवावी लागते, आणि ती फट डायपेक्षा दोन-चार बोटेच मोठी असते. डायचे दोन भाग असतात, एक स्थिर राहणारा आणि एक उघडमीट करणारा, आणि ते केवळ चार खुंट्यांवर एकमेकांत सरकून बसलेले असतात. त्यांना जोडून ठेवणारी एक छोटी लोखंडी पट्टी असते. मागच्या खेपेला ती काढून कुठेतरी ठेवलेली असते, आणि आज ती सापडत नाही. फिटर डायच्या माथ्यावर आय बोल्ट फिरवतो. तो बूड टेकेपर्यंत बसायला हवा, पण आट्यांत कचरा अडकल्यामुळे दोन आटे बाहेर राहतो. आय बोल्ट एकाच भागावर असल्यामुळे डाय उचलताच ती किंचित कलते, कारण हूक आणि डायचा गुरुत्वमध्य एका उभ्या रेषेत नाहीत. पट्टी नाही म्हणून कललेल्या डायचा दुसरा भाग खुंट्यांवरून अंगुळभर सरकतो. नेमक्या याच वेळी फिटर डाय फटीत बरोबर उतरावी म्हणून कमरेपर्यंत यंत्रात वाकलेला असतो आणि त्याचा एक हात डायच्या खाली असतो.

यात यंत्र बिघडलेले नाही, साखळी तुटलेली नाही, चेन पुलीवर लिहिलेल्या क्षमतेच्या आतच वजन आहे, आणि तरीही पुढच्या क्षणी एका माणसाची चार बोटे जाऊ शकतात. यावर उपाय काय, तर पट्टी डायला साखळीने कायमची बांधून ठेवणे, आय बोल्टची भोके डाय उचलण्याआधी फुंकून साफ करणे, दोन्ही भागांवर आय बोल्ट घेऊन भार मध्यावर आणणे, आणि हाताऐवजी लाकडाचा दांडका किंवा दोरी वापरणे. यातला एकही उपाय खर्चाचा नाही, आणि मला वाटते म्हणूनच तो होत नाही. ज्या गोष्टीला पैसे पडतात तिची निदान मालकाच्या वहीत नोंद होते.

हाताचा प्रश्न येथेच संपत नाही. दोर ढिला असताना त्यावर बोटे ठेवून तो वस्तूच्या कडेवर नीट बसवायचा आणि वर बटण दाबणाऱ्याने घाईने 'अप'चे बटण दाबायचे, या दोन क्रियांमध्ये अर्ध्या सेकंदाचाही मेळ चुकला तर बोटे दोर आणि वस्तू यांच्यामध्ये सापडतात. म्हणून जाणत्या ठिकाणी दस्तूर असा की ढील निघेपर्यंतच दोराला हात, ताण आला की हात वर करून दाखवायचे, आणि दोन्ही हात मोकळे दिसल्याखेरीज भार जमिनीवरून सुटू द्यायचा नाही. सुटल्यावरही तो वीतभरच उचलायचा आणि थांबायचे. त्या वीतभर उंचीवर जे दिसते ते पुन्हा कधी दिसत नाही: भार कुठे कलतो, कोणता पट्टा सरकतो, ब्रेक धरतो की हूक आपोआप खाली उतरतो. एवढ्या उंचीवरून पडलेली डाय फरशी फोडील. छातीएवढ्या उंचीवरून पडलेली माणूस मारील.

आणि मग झोका. चार मीटर लांब दोराला टांगलेला भार एकदा हलला की एक जा-ये करायला सुमारे चार सेकंद घेतो, मग तो भार पाच किलोंचा असो की पाच टनांचा. क्रेन सेकंदाला अर्धा मीटर या संथ वाटणाऱ्या वेगाने चालली असेल आणि एकदम थांबवली, तर भार ३० सेंटिमीटरांहून थोडा अधिक पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. दोन टनांचा हा झोका हाताने थांबवू पाहणारा माणूस भिंत आणि भार यांच्यामध्ये उभा असेल तर त्याला निर्णय बदलायलाही वेळ मिळत नाही. म्हणून भाराच्या टोकांना लांब दोऱ्या बांधतात आणि दोन माणसे दोन बाजूंनी दूर उभी राहून त्याला वळवतात. भाराखाली उभे राहू नये हे सर्वांनाच तोंडपाठ आहे. पण 'खाली' म्हणजे नेमके कुठे, याचा विचार थोडेच करतात. सहा मीटर लांब पाइपांचा गठ्ठा दोन पट्ट्यांनी उचलला आणि एक पट्टा सुटला, तर मोकळे टोक खाली येते आणि उरलेल्या पट्ट्याभोवती गरकन फिरते. ज्याला आपण बाजूला उभा समजत होतो तो नेमका त्या फेऱ्यात सापडतो. धोक्याचे क्षेत्र भाराच्या सावलीएवढे नसते. ते भाराच्या लांबीएवढे आणि त्यात उंचीची भर घालून धरावे लागते. रस्त्यावरच्या हायड्राच्या बाबतीत त्या क्षेत्रात शाळेची बसही येते.

क्रेन म्हटली की तिच्या अंगावर लिहिलेला आकडा लोकांना फार दिलासा देतो. '१४ टन' असे लिहिलेली हायड्रा १४ टन उचलते खरी, पण ती बाहू आखूड आणि भार अगदी जवळ असताना. बाहू लांबवला की तरफेच्या नियमाने तिची ताकद झपाट्याने घटते, आणि भार घेऊन ती वळू लागली की आणखी घटते. प्रत्येक क्रेनबरोबर किती लांबीवर किती वजन याचा तक्ता येतो. तो चालकाच्या खोपीत लावलेला असावा अशी अपेक्षा असते. उन्हाने फिकट होऊन तो वाचता येईनासा झाला की त्याची जागा अंदाज घेतो. मोठ्या क्रेनच्या बाबतीत याला जमिनीचा प्रश्न जोडला जातो, आणि वसईत तो विशेष आहे. या भागातील पुष्कळ जमीन सखल आणि भरावाची. पावसाळ्यात वसई-नालासोपाऱ्याच्या सखल वस्त्यांत पाणी तुंबणे ही आता वार्षिक घटना झाली आहे. क्रेनच्या एका आधारपायावर १२ टन आले आणि त्याचे पाऊल ४० सेंटिमीटर चौरस असले, तर जमिनीवर चौरस मीटरला ७५ टन या हिशेबाने दाब येतो, आणि भिजलेला भराव एवढा दाब सोसणे अशक्य आहे. तेच पाऊल मीटरभर लांबी-रुंदीच्या जाड लाकडी स्लीपरांच्या पाटावर ठेवले तर दाब १२ टनांवर येतो. स्लीपर गाडीत असतात; उतरवायचा कंटाळा येतो. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या हवेचा परिणाम याहून सावकाश पण तितकाच निश्चित होतो: तारेचा दोर बाहेरून तेलकट दिसत असला तरी आतल्या तारांना गंज चढत जातो, आणि तुटक्या तारांची टोके बोचू लागतात तोवर आतली ताकद कधीच गेलेली असते.

वाऱ्याचा विचार तर आपल्याकडे होतच नाही. मोठे पत्रे, जाहिरातीचे फलक, शेडच्या कैच्या उचलल्या की त्या वाऱ्यात शिडासारख्या वागतात, आणि क्रेन वजन पेलत असली तरी आडवा रेटा पेलण्यासाठी तिची रचना नसते. अमेरिकेत मिलवॉकी येथे १४ जुलै १९९९ रोजी क्रीडागाराच्या छताचा साडेचारशे टनांचा भाग उचलताना एक प्रचंड क्रेन वाऱ्यात कोसळली आणि तीन कामगार ठार झाले. त्या प्रकरणाचा गाभा हाच होता की क्रेनवर येणाऱ्या वाऱ्याचा विचार झाला, भारावर येणाऱ्या वाऱ्याचा झाला नाही. जून महिन्यात अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जो वारा असतो तो वालीवला पोचेपर्यंत नाहीसा होतो अशी काही व्यवस्था निसर्गाने केलेली नाही.

मोठ्या कामांवर सर्व शास्त्र असते आणि तरीही ती मरण टाळू शकत नाहीत, हे आपल्या शेजारच्याच ठाणे जिल्ह्याने पाहिले आहे. ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यातील सरळांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० माणसे मृत्युमुखी पडली. त्याआधी जवळजवळ तीन वर्षे, १ ऑगस्ट २०२० रोजी, विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये ७० टनांची नवी क्रेन भार लावून तपासली जात असताना पडली आणि ११ जण गेले. दुसऱ्या प्रसंगात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. यंत्र पेलेल की नाही याची खात्री नसते म्हणूनच चाचणी घेतात. तेव्हा चाचणीच्या वेळी यंत्रापाशी कमीत कमी माणसे असावीत हा साधा तर्क आहे, पण आपल्याकडे चाचणी हा उद्घाटनाचाच एक प्रकार मानला जातो आणि तिला माणसे जमतात. शहापूरचे मृत बहुतांशी परमुलखातून आलेले मजूर होते. त्यांची नावे वृत्तपत्रांत दोन दिवस राहिली. सरळांबेच्या पुलावरून आता वाहने धावतात. असे मोठे अपघात निदान चौकशीला पात्र ठरतात. गाळ्यात गेलेल्या बोटांची चौकशी शेजारच्या दवाखान्यात संपते.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे २९ वे कलम याच विषयाचे होते, आणि पाऊणशे वर्षांपूर्वीचे असूनही ते वाचताना कोणी जाणत्या माणसाने लिहिल्यासारखे वाटते. क्रेन, कप्पी, साखळी, दोर, हूक, शॅकल ही सारी चांगल्या घडणीची, निर्दोष धातूची व पुरेशा ताकदीची असावीत. सक्षम व्यक्तीने त्यांची १२ महिन्यांतून निदान एकदा कसून तपासणी करावी आणि तिची नोंद ठेवावी. प्रत्येकावर सुरक्षित भाराचा आकडा आणि ओळखचिन्ह स्पष्ट असावे. चाचणीखेरीज त्याहून अधिक भार लावू नये. आणि क्रेनच्या रुळाजवळ कोणी काम करीत असेल तर क्रेन त्याच्या सहा मीटरांच्या आत येणार नाही अशी व्यवस्था करावी, इतकी तपशीलवार तरतूद त्यात होती. ब्रिटनमध्ये १९९८ सालच्या नियमांनी याच्या पुढे एक पाऊल टाकले: दोर, साखळ्या, हूक यांची तपासणी तेथे वर्षातून नव्हे, सहा महिन्यांनी होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उचलण्याच्या प्रत्येक कामाची सक्षम माणसाने आधी आखणी करावी आणि त्यावर देखरेख असावी असा दंडक आहे. आपल्या कलमाचा रोख साधनांवर होता, त्यांचा रोख कामावर आहे. आणि वर पाहिलेल्या डायच्या प्रसंगात साधने निर्दोषच होती.

वसईच्या गाळ्यांच्या दृष्टीने एक बारीकशी पण फार परिणामकारक गोष्ट अशी की जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांपासून सुरू होई, आणि २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा २० वर नेली. बारा-पंधरा माणसांच्या गाळ्याला उद्योग करण्यात सुलभता यावी हा हेतू वाईट नाही, परंतु ३८५ किलोंची डाय किती माणसे हजेरीपटावर आहेत हे विचारून पडत नाही. अशा गाळ्यात मग नियम कोणाचा चालतो? तो ज्याच्या हाती क्रेन आणण्याची आणि परत धाडण्याची मुभा आहे त्याचा चालतो.

माझ्या मते या साऱ्या विषयाची गाठ येथे आहे. भार बांधतो एक माणूस, उचलण्याचा हुकूम देतो दुसरा, बटण तिसऱ्याच्या हाती, आणि क्रेन चौथ्याची. बांधणाऱ्याला पट्टा जुना झाला आहे हे दिसते, पण थांबा म्हणण्याचा अधिकार नसतो. मालकाला अधिकार असतो, पण तो ऑफिसातून ओरडून सांगतो आणि पट्टा पाहत नाही. हायड्राचा चालक भाड्याने आलेला, त्याला पुढच्या गाळ्यात जायचे असते. आणि अपघात झाला की चौघेही खरेपणाने सांगू शकतात की ती माझी जबाबदारी नव्हती. जुन्या खलाशांच्या टोळीत असे होत नसे. तेथे खूण एकाच मुकादमाची चाले. 'हाफिज' म्हटले की वर, 'आरिया' म्हटले की खाली, आणि त्याच्या तोंडून शब्द निघाल्याखेरीज दोर हलत नसे, मग मालक समोर उभा असो वा नसो. एक अपवाद होता, आणि तो शहाणपणाचा होता: थांबण्याची खूण टोळीतल्या पोरसवदा माणसाने केली तरी सर्वांनी थांबायचे. हा अधिकार गाळ्यातल्या बांधणाऱ्याला देणे याला पैसे लागत नाहीत. त्यासाठी मालकाला एक-दोनदा आपल्याच माणसाने आपल्याला थांबवलेले सोसावे लागते, आणि ते पैशांपेक्षा जड जाते.

काही गोष्टी मात्र औद्योगिक वसाहतीच्या सोसायट्यांना मिळून करता येतील. एकेका गाळ्याला सक्षम व्यक्ती बोलावून तपासणी करून घेणे परवडत नाही. पन्नास गाळ्यांनी मिळून बोलावली तर परवडते. पट्ट्यांचे रंग ठरलेले असतात, जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, राखाडी चार, लाल पाच; हा तक्ता प्रत्येक गाळ्याच्या दारावर मराठीत आणि हिंदीत लावता येईल, कारण पट्ट्यावरचे लेबल फाटते पण रंग टिकतो. गाठ मारलेला, शिवण उसवलेला किंवा कडेला कातरलेला पट्टा कोपऱ्यात टाकून ठेवू नये, तिथल्या तिथे कापून टाकावा. कोपऱ्यातला पट्टा घाईच्या दिवशी पुन्हा बाहेर येतो. प्लेटच्या धारदार कडांखाली घालायला जुन्या रबरी नळीचे चिरलेले तुकडे पुरतात. रस्त्यावरून भार टांगून नेण्याऐवजी तो टेम्पोत घालून न्यावा आणि हायड्राने फक्त चढवावा-उतरवावा, असा ठराव एखाद्या सोसायटीने केला तर टेम्पोचे भाडे वाढेल हे खरे, परंतु उलट्या पावलांनी चालणाऱ्या त्या मदतनिसाची गरज उरणार नाही.

आणखी एक लहान सूचना. हायड्रा भाड्याने घेतल्यावर जी पावती होते तिच्यावर गाडीचा क्रमांक, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, दर आणि एकूण रक्कम यांचे रकाने असतात, आणि अर्ध्या तासावरून दोन्ही पक्षांची हुज्जत चालते. त्याच पावतीवर आणखी तीन रकाने छापून घेता येतील: भाराचे वजन किती आणि ते कोणी मोजले, बाहू किती मीटर काढणार, आणि खूण कोण देणार. क्रेन हलण्याआधी ते भरून गाळ्याच्या मालकाने आणि चालकाने त्यावर सह्या कराव्यात. पहिला रकाना भरताना 'अंदाजे' हा शब्द लिहिला तर ती पावती चालकाने घेऊ नये.